इतर हक्क

सिप्रियन तुस्कानोला एक डोंगर मोजायचा होता आणि त्या डोंगरावर कुणीही नाही असं त्याला सांगितलं होतं.

तो मूळचा वसईतल्या नंदाखालचा. तरुणपणी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होता, मग गल्फमध्ये आला आणि शारजातल्या एका सर्व्हे कन्सल्टन्सीत अकरा वर्षं टिकला. बायको ओल्गा एका हॉटेलच्या रिसेप्शनला, प्रेस्टन आणि जेनिस ही दोन मुलं शाळेत. २००८ चा नोव्हेंबर होता. दुबईतल्या क्रेन एकेक करून थांबत होत्या. कन्सल्टन्सीतल्या निम्म्या खुर्च्यांवरची माणसं गावी परतली होती. अशा वेळी हातात एकच मोठं काम उरलं होतं. खोर फक्कान या बंदराच्या गावामागे, डोंगरात, एका क्लायंटला रिसॉर्ट बांधायचा होता.

"जमीन सरकारची आहे, क्लायंटला लीजवर मिळतेय," प्रोजेक्ट मॅनेजर निखिल म्हणाला. तो पुण्याचा, सिप्रियनपेक्षा दहा वर्षांनी लहान. "टायटल क्लिअर. वर नुसते दगड आहेत. तू कंटूर काढ, रस्त्याची लाईन दे, बाकी सगळं व्हेकंट दाखव. पंधरा दिवसांत खलास."

सिप्रियन मोजणीचं यंत्र आणि तिपाई घेऊन निघाला. सोबत ऑफिसचा ड्रायव्हर बदरुद्दीन. हा दापोलीकडचा, पण पंचवीस वर्षं इथे काढल्यामुळे त्याची अरबी स्थानिकांसारखीच होती. डांबर संपलं, मग वादी, म्हणजे गोट्यांनी भरलेलं कोरडं ओढ्याचं पात्र लागलं, मग पिकअपही थांबली. पाऊण तास चढून दोघं वर पोचले आणि धापा टाकत उभे राहिले.

चारी बाजूंनी काळपट तांबड्या कड्यांनी वेढलेली ती एक परातीसारखी जागा होती. उतारांवर बोरीची चार-दोन झाडं. बाकी निखिल म्हणाला होता तसे दगडच. सिप्रियनने तिपाई रोवली, यंत्र बसवलं आणि पहिलं रीडिंग घेणार एवढ्यात वरून आवाज आला.

एक म्हातारी बाई खडकावर बसली होती. चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा पितळी रंगाचा मुखवटा, हातात काठी. शेजारी पन्नाशीचा, पांढऱ्या कंदुऱ्यातला, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातला माणूस. म्हातारी तावातावाने काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?" सिप्रियनने विचारलं.

बदरुद्दीन जरा चाचरला. "अम्मा इचारतेय, हिच्या शेतात तुमी ती तीन पायांची काठी कशाला रोवलीत?"

"शेत? कुठंय शेत?"

बदरुद्दीनने प्रश्न अरबीत सांगितला. म्हातारी उठली, खाली आली आणि सिप्रियनच्या बुटाशेजारी काठी आपटली. त्याने खाली बघितलं. तो ज्याला दगडांची रांग समजत होता ती भिंत होती. गुडघाभर उंच, चुन्याशिवाय रचलेली. एका दगडाचं पोट दुसऱ्याच्या खोबणीत असं बसवलेलं की मध्ये बोट शिरू नये. भिंतीच्या आतल्या बाजूला सपाट, गाळाची, भेगाळलेली जमीन. त्याने मान वर केली. आता त्याला दुसरी भिंत दिसली, तिच्यावर तिसरी, मग दहावी. पार कड्याच्या पायथ्यापर्यंत अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी वर गेला होता. सगळं पहिल्यापासून डोळ्यांसमोर होतं, फक्त त्याला दिसलं नव्हतं.

म्हातारीचं नाव उम्म खलफान, म्हणजे खलफानची आई. शेजारचा माणूस खलफान, खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला. त्याने शांतपणे सगळं सांगितलं. चाळीसेक वर्षांपूर्वी सरकारने खाली किनाऱ्याजवळ घरं बांधून दिली. वीज आली, शाळा आली, दवाखाना आला, आणि त्यांच्या जमातीची सगळी माणसं खाली उतरली. पण ज्या हिवाळ्यात पाऊस होतो त्या हिवाळ्यात ती वर येतात आणि गहू पेरतात.

"शेवटचा कधी पेरला?"

"चार वर्षं झाली. पाऊसच नाही."

म्हातारी मध्येच बोलली. बदरुद्दीन हसला. "अम्मा म्हनते, चार वर्षं पोरगा भेटायला आला नाय, तर आई काय मेली?"

सिप्रियनला वाटलं, भिंती आहेत तर मोजायला हव्यात. मोजणी म्हणजे मोजणी. प्रत्येक बिंदूला काहीतरी खूण द्यावीच लागते, म्हणून त्याने विचारलं, "या तुकड्याला काय म्हणता?" तिथून सुरुवात झाली. प्रत्येक शेताला नाव होतं. लांडग्याची उडी. सुईणीचं शेत. दोन भावांचं. हे दोन वर्षं सालिमच्या घराचं, तिसऱ्या वर्षी आमचं. हे कुणाचंच नाही, पाहुण्यांसाठी पेरायचं. म्हातारी पुढे, तिच्यामागे प्रिझमचा दांडा धरलेला बदरुद्दीन, आणि यंत्रामागे सिप्रियन, वहीत नावं लिहीत. ऐंशीच्या घरातली ती बाई बकरीसारखी चढायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती कुठेच अडखळत नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी सिप्रियनने वही मिटली. "एकशे बेचाळीस."

म्हातारीने मान हलवली. "एकशे त्रेचाळीस. अरूस राहिली."

"अरूस म्हंजे नवरी," बदरुद्दीन म्हणाला.

खलफान गोंधळला. त्याने ते नाव कधी ऐकलं नव्हतं. म्हातारी त्यांना एका घसरणीपाशी घेऊन गेली. दरड कोसळून धोंड्यांचा नुसता ढीग पडला होता. "माझं लग्न झालं त्या वर्षी हा कडा खाली आला," ती म्हणाली. एका उभ्या खडकाला पाठ लावून ती उभी राहिली, अकरा पावलं चालली, डावीकडे वळून चार पावलं उतरली आणि काठी टेकवली. "इथे."

तिघांनी धोंडे बाजूला करायला घेतले. तासाभरात तिघांचीही कंबर धरली. खलफान आईला काहीतरी समजावू लागला, बहुधा आता पुरे म्हणून. तेवढ्यात बदरुद्दीनचा हात कशाला तरी लागला आणि तो ओरडला, "सायबानू!"

खाली भिंत होती. सरळ, शाबूत, दगडात दगड बसवलेली. आणि तिच्या आत तपकिरी, मऊ, हाताला गार लागणारी माती.

सिप्रियनने यंत्र लावून वरच्या भिंतीची रेषा पुढे वाढवली. ती बरोबर या भिंतीवर येऊन पडली. साठ वर्षं दगडाखाली गेलेली जागा या बाईने पावलांनी दाखवली होती, आणि चूक होती एक वीतभर. त्याने डोक्यावरची टोपी काढली. चर्चमध्ये शिरताना काढतात तशी. ती आपण कधी काढली हे त्याला नंतर आठवलं नाही. खलफान खाली बसून ती माती मुठीत घेत होता आणि सोडत होता.

"आता सगळी शेतं झाली," जरा वेळाने सिप्रियन म्हणाला. "बाकी नुसता खडक आहे."

म्हातारीने त्याच्याकडे असं बघितलं, जसं मास्तर चांगल्या पण मठ्ठ मुलाकडे बघतो. "खडक कुणाचा?" ती म्हणाली. "खडक शेताचाच. प्रत्येक शेताचा आपापला उतार आहे. त्याच्यावर कुणी दगडसुद्धा हलवायचा नाही."

त्याला ते नीट कळलं नाही. कळलं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तो आणि बदरुद्दीन राहिलेल्या खुणा तपासायला वर गेले होते. सकाळपासून ढग होते. म्हातारी, खलफान आणि घरची बरीच माणसं पावसाच्या आशेने आदल्या दिवसापासून वर येऊन राहिली होती. अकरा वाजता आभाळ फुटलं. सगळे एका कपारीत शिरले.

सिप्रियन वसईचा, पाऊस त्याला नवा नव्हता. पण असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. उघड्या खडकावर पाणी पडलं आणि क्षणभर सगळा डोंगर चकाकला. मग तो जणू हलायला लागला. प्रत्येक उतारावरून पाण्याची एकेक चादर खाली आली, वाटेत ठेवलेल्या बोटभर उंचीच्या दगडांच्या ओळींना लागून वळली आणि नेमकी आपापल्या शेतात शिरली. त्या ओळी त्याने रोज ओलांडल्या होत्या. शेत भरलं की भिंतीतल्या एका खाचेतून पाणी खालच्या शेतात, तिथून त्याच्या खालच्या. एकही धार वाकडी गेली नाही, कुठे माती वाहिली नाही. अरूस अजून धोंड्यांखाली होती, बाकीचे एकशे बेचाळीस आरसे वरून खाली एकामागून एक उजळत गेले. आणि कपारीतून म्हातारी एकेका शेताचं नाव मोठ्याने घेत होती. ते भरायच्या जरासं आधी.

हा डोंगर नव्हताच. माणसांनी शेकडो वर्षांत बनवलेली ती एक वस्तू होती, कड्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत. अकरा वर्षं टॉवर मोजलेला सिप्रियन कपारीतून पुढे सरकून भिजत उभा राहिला. बदरुद्दीन हळूच म्हणाला, "सुभानल्ला."

पाऊस थांबल्यावर खलफानने दोघांना बोरीच्या मधाची एकेक बाटली दिली. उतरताना बदरुद्दीन म्हणाला, "बाजारात ही दोनशे दिरहमला. म्हंजे सव्वीसशे रुपये झाले. आनि मानूस असाच देऊन टाकतो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात निखिलने ड्रॉइंग उघडलं आणि कपाळावर हात मारला. "हे काय आहे, सिप्रियन? एकशे त्रेचाळीस फील्ड्स? आणि हे निळं काय सगळीकडे?"

"पाण्याचे उतार. प्रत्येक शेताचा वेगळा आहे."

"यार, मालक सरकार आहे. कागदोपत्री तिथे कुणाचंच नाव नाही. तू शेतं दाखवलीस की अप्रूव्हल अडकलं. हा प्रोजेक्ट गेला तर चोवीस माणसं घरी जातील. त्यात मी आहे, तू आहेस." निखिल आवाज चढवून बोलत नव्हता. तो घाबरला होता. "मी खोटं लिही म्हणत नाहीये. फक्त लिहू नकोस. व्हेकंट लेयर दे, सोमवारी फाईल जाऊ दे. प्लीज."

सिप्रियन घरी आला. जेवताना तो ताटातलं नुसतं चिवडत बसला. प्रेस्टनने विचारलं, "डॅड, आर यू ओके?" त्याने होकारार्थी मान हलवली. मुलं उठल्यावर ओल्गा समोर येऊन बसली.

"बोल."

त्याने तिला सगळं सांगितलं. मग कधी न सांगितलेली एक गोष्टही सांगितली. भूमी अभिलेखात लागला त्या वर्षी तो वसईच्या पूर्वेला एका वारली पाड्यावर मोजणीला गेला होता. सगुणा नावाची बाई होती. तिने उताराच्या जमिनीत नाचणी केली होती. वरिष्ठ म्हणाले, पीक काही धरू नकोस, लिही पडीक. त्याने लिहिलं. दोन वर्षांनी तिथे फार्महाऊसचं कुंपण पडलं. वारल्यांची जमीन दुसऱ्याला घेता येत नाही असा कायदा होता, पण पडीक म्हटल्यावर कुणाची म्हणून विचारणार?

"तू तेव्हा एकवीस वर्षांचा होतास," ओल्गा म्हणाली.

"हो. आता पंचेचाळीस."

ओल्गा टेबलावरचा चुरा हाताने गोळा करत राहिली. "माझी नोकरी आहे अजून," ती शेवटी म्हणाली. "मुलांची शाळा निघेल. तू जे बघितलंस ते लिही."

रविवारी सकाळी त्याने नकाशा पूर्ण केला. एकशे त्रेचाळीस शेतं, नावं अरबीत आणि इंग्रजीत, प्रत्येकाचा उतार निळ्या रेषेने बांधलेला. सर्व्हेयर म्हणून सही केली, शिक्का मारला आणि निखिलसमोर ठेवला. निखिल नकाशावर वाकला आणि एकेक निळी रेष बघत गेला. त्या कागदाचं सौंदर्य त्यालाही कळत होतं, तो इंजिनिअर होता. "मी हे थांबवू शकतो," तो म्हणाला. मग त्याने फाईलला पत्र जोडलं आणि सरकारी खात्यात पाठवून दिली.

जानेवारीत सिप्रियनला काढल्याचं पत्र मिळालं. त्याच दिवशी आणखी अकरा जणांना मिळालं. नकाशामुळे की मंदीमुळे, ते त्याला कधीच कळलं नाही. फेब्रुवारीत क्लायंटचे फोन लागेनासे झाले, जूनमध्ये कन्सल्टन्सीला कुलूप लागलं, निखिल पुण्याला गेला. सिप्रियन शारजा इंडस्ट्रियल एरियात एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये लागला. पत्रे आणि अँगल कापायची मापं काढायची. पगार कमी, पण दिवस निघत होते.

२०११ च्या मार्चमध्ये खलफानचा फोन आला. आता दुसऱ्या एका कंपनीने तोच डोंगर खडीच्या खाणीसाठी मागितला होता. सरकारने चौकशीला समिती नेमली. त्या डोंगराचा एकच तपशीलवार नकाशा दप्तरात निघाला आणि त्याच्यावर सिप्रियनची सही होती. समितीला तो माणूस हवा होता.

सिप्रियनने रजा काढली आणि बदरुद्दीनलाही बोलावून घेतलं. खोर फक्कानच्या त्या कचेरीत तीन अधिकारी बसले होते. नकाशा मोठ्या टेबलावर पसरला होता. मुख्य अधिकारी सभ्य होता, पण त्याचा विश्वास बसत नव्हता. त्याने सिप्रियनला विचारलं, "ही नावं तुम्हाला कुणी सांगितली?"

सिप्रियनने म्हातारीकडे हात केला. ती आता थकली होती, खुर्चीत वाकून बसली होती.

"मग त्यांनाच विचारू. आई, सगळ्यात खालचं शेत कुठलं?"

उम्म खलफानने डोळे मिटले आणि सुरू केलं. अधिकाऱ्याने नकाशावर बोट ठेवलं. ती नाव घेई, त्याचं बोट पुढे सरके. शेत कुणाचं, कुणानंतर कुणाचं, कुठल्या दुष्काळात कुणी कुणाला बियाणं दिलं. विसाव्या नावाला दुसरे दोघे अधिकारी खुर्च्या सरकवून जवळ आले. पन्नासाव्या नावाला चहा घेऊन आलेला माणूस ट्रे धरून तिथेच थांबला. शंभरीनंतर मुख्य अधिकारी उभा राहिला होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. माथ्यावरचं एकशे त्रेचाळिसावं नाव घेऊन ती थांबली, श्वास घेतला, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी तिथून खाली येत सगळी नावं उलटी म्हटली. एकही चुकलं नाही.

अधिकाऱ्याने आपल्या हातांनी तिच्यासमोर चहाचा पेला ठेवला.

मग निर्णयाची गोष्ट निघाली. खाण नाकारायची, यावर तिघांचं एकमत झालं. पण जमीन जमातीच्या नावे करता येणार नव्हती. "ती सरकारच्याच नावे राहील," अधिकारी म्हणाला. "सरकार तुमच्यासाठी विश्वस्त म्हणून ती सांभाळेल. विकता येणार नाही, लीजवर देता येणार नाही. पेरायचा हक्क तुमचा, पिढ्यानपिढ्या."

खलफानचा चेहरा ताणला. "आमच्या आजोबांच्या आजोबांनी रचलेल्या भिंती, आणि त्यांना सांभाळणारा दुसरा? उद्या विश्वस्ताचं मन बदललं तर?"

म्हातारीने मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "उतारांचं काय लिहिलंय?"

उतारांचं काहीच लिहिलं नव्हतं. फॉर्ममध्ये शेतांचं कोष्टक होतं, खडकाचं नव्हतं. सिप्रियनला राहवलं नाही. तो बदरुद्दीनकडे वळला. "यांना सांगा, आमच्याकडे जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी आणखी एक रकाना असतो. इतर हक्क. मालक कुणीही असो, त्या जमिनीवर दुसऱ्याचा काही हक्क असेल, वहिवाटीचा, पाण्याचा, तर तो तिथे लिहितात. एकदा लिहिला की मालकालाही तो मोडता येत नाही. सगळे निळे उतार तसे लिहा. शेत ठेवून उतार दिलात तर काहीच दिलं नाही असं होईल."

बदरुद्दीनने ते सावकाश, एकेक शब्द तोलून सांगितलं. अधिकाऱ्यांची आपसात बरीच चर्चा झाली. फॉर्मच्या शेवटी शेरा लिहायला जागा होती. त्यात लिहिलं गेलं: नकाशात निळ्या रेषेने दाखवलेल्या सर्व उतारांचं पाणी त्या त्या शेताचं आहे, तिथला दगड हलवता येणार नाही. खलफानने सही केली, मनाविरुद्ध. म्हातारीने अंगठा उमटवला आणि मग सिप्रियनच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली. बदरुद्दीनला विचारलं तर तो म्हणाला, "ते मला मराठीत नाय सांगता येनार."

त्यानंतर दोन वर्षांनी उम्म खलफान गेली. खलफानची मुलगी शैखा अल ऐनला विद्यापीठात शिकत होती. चाळिसावा दिवस झाल्यावर तिने सिप्रियनला फोन केला. आजी जायच्या आधी वर्षभर ती तिच्याजवळ बसून तिचं बोलणं टिपून घेत होती. "अंकल, तुमच्या नकाशात शेतांची नावं आहेत. पण आजी म्हणाली, उतारांनाही नावं आहेत. प्रत्येक उताराला. त्यावरच्या प्रत्येक पन्हाळीला."

"किती?"

"मी दोनशे सत्तर लिहिली. तिने तिथे थांबवलं. म्हणाली, बाकीची पाऊस पडताना समोर दिसली की सांगेन."

सिप्रियन फोन धरून वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. आत ग्राइंडर चालू होता. आपण अख्खा डोंगर मोजला असं तो पाच वर्षं समजत होता.

त्याने मालकाकडे आठवडाभराची रजा मागितली आणि एका मित्राकडून यंत्र उसनं घेतलं. शुक्रवारी पहाटे तो, ओल्गा आणि दोन्ही मुलं गाडीत बसली. वर शैखा आणि खलफान वही घेऊन थांबले होते. प्रेस्टन चढून आला, धापा टाकत उभा राहिला आणि त्याने सभोवार बघितलं.

"डॅड, देअर्स नथिंग हिअर."

"थांब," सिप्रियन म्हणाला. त्याने मुलाला खांद्याला धरून पहिल्या भिंतीसमोर उभं केलं आणि वाट बघत राहिला.